तीन वाटा, एक सुरी

१

सादातने फोन टेबलावर इतक्या जोरात आपटला, की असिलकानबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने वाचा. मला चोर म्हणतात. मला!"

बाईंनी आधी बशीतला चहा कपात ओतला, मग चष्मा पुसला आणि त्यानंतरच फोन उचलला. अडतीस वर्षं कोचकोरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवल्याचा तो परिणाम होता. समोरचा कितीही तापलेला असो, आपलं उपकरण आधी स्वच्छ हवं. गावातले अर्धे लोक त्यांचे विद्यार्थी होते आणि उरलेले अर्धे त्या विद्यार्थ्यांची मुलं. सादात पहिल्यांपैकी.

फोनवर पेरिजातचं पेज उघडलेलं होतं. पेरिजात ही राजधानीत बसून नमद्याच्या, म्हणजे लोकर तुडवून केलेल्या जाड कापडाच्या, वस्तू ऑनलाइन विकणारी तरुण बाई. तिने एका शिर्दाकचा, नमद्याच्या नक्षीदार गालिच्याचा, फोटो टाकला होता. लाल नमद्यावर काळी नक्षी, आणि मधून वर चढत गेलेल्या तीन नागमोडी वाटा. फोटोवरची तारीख गेल्या नोव्हेंबरची. खाली नव्याने लिहिलेल्या दोन ओळी: ‘हे माझं काम. कोचकोरच्या सादातने रंग उलटे करून ते स्वतःच्या नावावर खपवलं. निवाडा तुम्ही करा.’

लोकांनी निवाडा केला होता. सादातच्या दुकानाच्या पेजवर गुरुवार सकाळपासून दोन हजारांहून अधिक कमेंट जमल्या होत्या, आणि ‘चोर’ हा त्यांतला सर्वांत सभ्य शब्द होता.

"राजधानीच्या प्रदर्शनातून पत्र आलंय," सादात म्हणाली. "रविवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर माझा ‘तीन वाटा’ भिंतीवरून उतरवू. उतरवू म्हणतात! एकदा उतरवला की माझं नाव गेलं, बाई. तीस वर्षं नमदे तुडवून कमावलेलं नाव. तुम्ही एक पत्र लिहा. तुमची सही असली की कोणाची बोलायची छाती होणार नाही."

"मी सही पुराव्याखाली करते. पुरावा काय आहे?"

"पुरावा कसला मागताय? दिसतंय की! त्या बयेनं माझा फोटो कॉम्प्युटरात घातला, लालाचं काळं केलं नि काळ्याचं लाल."

बाईंनी खणातून भिंग काढलं. पेरिजातचा आणि सादातच्या पेजवरचा, दोन्ही फोटो त्यांनी आलटून पालटून पाहिले. भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ सादात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

"नाही," बाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"कॉम्प्युटर रंग बदलेल, सुरकुत्या बदलणार नाही. तुझ्या फोटोत घडीची रेघ कोपऱ्यातून जाते, हिच्या फोटोत मधोमध. म्हणजे हा खराखुरा शिर्दाक आहे."

"मग तिनं नक्कल केली."

"तेही नाही. मधल्या वाटेच्या टोकाशी बघ. नखाएवढा दात आहे, सुरी घसरल्यासारखा. तुझ्यातही आहे. त्याच जागी आणि तेवढाच. नक्कल करणारा दुसऱ्याची चूक उतरवत नाही, दुरुस्त करतो."

सादातचा चेहरा उतरला. पुढचं वाक्य तिला सांगावं लागलं नाही. लाल आणि काळा नमदा एकावर एक ठेवून एकाच सुरीने कापायचे, मग लालातला तुकडा काळ्यात बसवायचा आणि काळ्यातला लालात, हे कोचकोरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रत्येक शिर्दाक जुळा जन्मतो. सुरी घसरली तर दोन्ही भावंडांच्या अंगावर एकच व्रण उमटतो.

"पेरिजातकडे तुझ्या शिर्दाकचा जुळा आहे," बाई म्हणाल्या. "तो कुठे असायला हवा होता?"

"माझ्या पेटीत."

"दोन्ही भाग तुझ्याकडे? कधीपासून?"

"आम्ही आता जोडीच विकतो," सादात घाईने म्हणाली. "पेजवर जोडीला मागणी असते."

दोन घरं ओलांडून त्या दोघी सादातच्या घरी आल्या. सादातने गळ्यातली किल्ली काढली. पेटीचं कुलूप जागेवर होतं, कड्यावर ओरखडा नव्हता. झाकण उघडलं. वरच्या रजया बाजूला केल्यावर तळाशी, शिर्दाकच्या बरोबर मापात नीट चौकोनी घडी घातलेलं, एक जुनं लष्करी कांबळं निघालं.

२

"चोर घरातला आहे, किंवा घरात वावरणारा," बाई म्हणाल्या. "बाहेरचा माणूस घडी घालत बसत नाही."

नुरझादा स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून नमद्याच्या सपाता खोक्यांत भरत होती. ती सादातची सून. मांडीशेजारी ठेवलेला तिचा फोन दर दोन क्षणांनी थरथरत होता.

"काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही, बाई. एक कमेंट पुसली की दहा उगवतात. एकानं लिहिलंय, म्हातारीचे हात तोडा. लाइक किती असतील त्याला? चारशे!"

"पेज तूच चालवतेस?"

"मग काय अपा चालवणार? त्यांनी फोन उलटा धरला तरी त्यांना कळत नाही."

"ऐकू येतंय मला!" अंगणातून सासू ओरडली.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय, अपा!" नुरझादाने चिकटपट्टी दातांनी तोडली. "दोन वर्षांपूर्वी तीनशे लोक होते पेजवर. त्यांतले दोनशे नातेवाईक. आज अठ्ठेचाळीस हजार आहेत. कसे आले? गालिचा कोणी विकत घेत नाही, बाई. लोक गोष्ट विकत घेतात. एक चेहरा, एक नाव. डोंगरातली कलाकार, तिला स्वप्नात दिसलेली नक्षी."

"स्वप्नात?"

"‘तीन वाटा’ची नक्षी अपांना स्वप्नात दिसली. लिहिलंय ना पेजवर."

"सादात माझ्या वर्गात रोज झोपायची," बाई म्हणाल्या. "तेव्हा तिला काही दिसल्याची नोंद नाही."

नुरझादाला हसू आलं आणि ते तिने लगेच गिळलं. पेटीची किल्ली अपांच्या गळ्यातून एकदाच निघाली होती, ती म्हणाली, एप्रिलमध्ये. पेजचे फोटो काढणाऱ्या कुबातला जोडीचे फोटो काढायचे होते. दोन्ही भाग तो घेऊन गेला आणि परत घेऊन आला, तेव्हा सासूसुना बाजारात होत्या. किल्ली कुलपालाच राहिली होती.

"परत कोणाच्या हातात दिले त्याने?"

"त्यालाच विचारा. त्याचा रागच आहे आमच्यावर. प्रत्येक फोटोखाली नाव हवं असतं त्याला."

"आणखी कोण येतं घरात?"

"नदीपलीकडची झूरा एजे यायची शिवायला. एप्रिलपासून येत नाही. कंबर धरली म्हणे." वयाने मोठ्या बाईला कोचकोरमध्ये सगळे ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणत.

बाईंनी फोन मागून घेतला आणि पेजवरचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. ‘तीन वाटा’ कसा घडला, हे नुरझादाने रोजच्या रोज दाखवलं होतं. ‘दिवस एक’मध्ये लोकर धुतली जात होती, पुढे ती उकळत्या पाण्याखाली तुडवली जात होती, मग रंगाच्या कढया, वाळत घातलेले नमदे. मग शिवण.

"कापतानाचा दिसत नाही."

"कापणं दाखवत नाही आम्ही. नजर लागते."

"तुडवण्याला लागत नाही, कढईला लागत नाही, फक्त सुरीला लागते. नजर मोठी चोखंदळ आहे."

"बाई, तुमचा विश्वास नसेल. गिऱ्हाइकांचा असतो."

नुरझादा खोक्यावर पत्ता लिहू लागली. तिने एकच अक्षर दोनदा गिरवलं. बाईंनी व्हिडिओंची यादी पुन्हा वरून खाली पाहिली. ‘दिवस सात’मध्ये नमदे वाळत होते. त्याच्या लगेच पुढे ‘दिवस नऊ’ होता आणि त्यात शिवण सुरू झाली होती.

‘दिवस आठ’ कुठेच नव्हता.

३

कुबात रस्त्याकडेच्या घरासमोर घोड्यावर खोगीर कसत होता. सकाळी तो पर्यटकांना घोड्यावरून सरोवरावर नेई आणि दुपारी फोटो काढी. रसायनशास्त्रात त्याला पाचपैकी दोन मिळाले होते. बाईंना पाहिल्यावर तो अजूनही हात मागे बांधून उभा राहत असे.

"मी काही केलं नाही, बाई."

"वाक्य ओळखीचं आहे. प्रयोगशाळेला आग लागली तेव्हाही हेच म्हणाला होतास."

"ती खरंच मी नव्हती लावली!" तो घोड्याचा पट्टा ओढत म्हणाला. "आणि हो, राग आहे मला. का नसावा? पेजवरचा प्रत्येक चांगला फोटो माझा. खाली काय लिहितात? ‘सादातच्या नजरेतून’. सादात एजेची नजर! त्यांना घोडा आणि गाय लांबून सारखेच दिसतात. पण पेटीला हात नाही लावला मी. दोन्ही भाग परत नेऊन दिले."

"कोणाकडे?"

"झूरा एजेकडे. ती एकटीच होती घरात. म्हणाली, ठेवते मी पेटीत."

"आणि ‘दिवस आठ’?" बाईंनी विचारलं.

"तो तर सगळ्यांत गाजलेला! चौदा मार्चला लाइव्ह केला होता. मीच फोन तिपाईला बांधला. साडेतीनशे लोक बघत होते, प्रश्न विचारत होते. आहे ना पेजवर?"

"नाही."

"बुधवारपर्यंत होता की!" कुबातने खिशातून स्वतःचा फोन काढला. "माझ्याकडे आहे म्हणा. मी सगळं ठेवतो. नाव कोणी देत नाही, निदान काम तरी राहू दे."

तो घोड्याच्या सावलीत फोन धरून उभा राहिला. जमिनीवर लाल नमदा, त्याखाली काळा, वर खडूच्या रेघा. दोन हात आणि एक सुरी. चेहरा कुठेच नव्हता. मागच्या भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर होतं आणि त्यावर ठळक चौदा. नुरझादाचा आवाज गोड स्वरात सांगत होता, की हे हात तीस वर्षं हेच करत आले आहेत. सुरी मधल्या वाटेच्या टोकाशी पोचली. बाहेर एखाद्या ट्रकने भोंगा वाजवला, सुरी घसरली, कोणीतरी "अगं आई!" म्हणालं. दोन्ही नमद्यांत नखाएवढा दात पडला.

"बाई!" कुबात जवळजवळ ओरडला, तसा घोडा बिचकला. "दात मार्चमध्ये पडला! साडेतीनशे लोकांसमोर! तो नोव्हेंबरच्या शिर्दाकात कसा असेल? पेरिजातनं मागची तारीख टाकलीय. टाकता येते, दोन बटणांचं काम आहे."

"पेजवरची तारीख मोजलेली नसते, कोणीतरी सांगितलेली असते," बाई म्हणाल्या. "हे मी तुम्हांला थर्मामीटरबद्दल शिकवलं होतं."

"मग झालं की. सादात एजे सुटल्या!"

"सुटल्या. आता मला सांग, जो व्हिडिओ दाखवून सुटता येतं, तोच कोणी का पुसावा?"

कुबात फोन खिशात ठेवू लागला.

"परत लाव. सुरी कोणत्या हातात आहे?"

"डाव्या," कुबात म्हणाला. "पण बाई, पुढच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं. सादात एजे उजव्याच हाताच्या आहेत."

"मग कॅलेंडरवरचा चौदा सरळ कसा वाचता येतोय?"

घोड्याने शेपटी झटकली. कुबातने तो आकडा बोटांनी मोठा करून पाहिला.

"मला सांगितलं होतं," शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "चेहरा घेऊ नकोस, फक्त हात घे. पेजवर एकच बाई दिसली पाहिजे."

बाईंनी चष्मा काढला. डाव्या हाताची विद्यार्थिनी त्यांच्या साऱ्या नोकरीत एकच होती. तेव्हा शाळेचा नियम होता, की पेन उजव्याच हातात धरायचं. आणि तो नियम त्या मुलीच्या डाव्या बोटांवर पट्टी मारून त्यांनी स्वतः पाळला होता. मुलगी उजव्या हाताने लिहायला शिकली. सुरीबद्दल शाळेचा काही नियम नव्हता.

४

नदीपलीकडच्या त्या घराचं दार सताड उघडं होतं. दारासमोरच्याच भिंतीवर, आल्यागेल्याला पहिल्यांदा दिसेल असा, ‘तीन वाटा’चा जुळा टांगलेला होता. लालावर काळा, मधोमध घडीची रेघ.

"या, बाई," झूरा म्हणाली. "दोन दिवस वाट बघतेय, चोर पकडायला कोण येतंय म्हणून. तुम्ही आलात ते बरं. पोलिसांना चहा पाजायची इच्छा नव्हती."

तिने रीतीप्रमाणे उजव्या हाताने चहाचा वाडगा पुढे केला. मग गाठ मारायला घेतलेला दोरा तोडायला कात्री उचलली, ती डाव्या हाताने.

"हा तू पेटीतून काढलास."

"काढला. कुलूप लावून किल्ली जागेवर ठेवली आणि पेटी रिकामी वाटू नये म्हणून कांबळं ठेवलं. त्याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा." तिचा आवाज चढला नाही, पण कात्री तिने नको तितक्या जोरात खाली ठेवली. "दोघी मिळून कापायचं आणि एकेक भाग घ्यायचा. माझ्या आईनं तसंच केलं, सादातच्या आईनंही. तीस वर्षं आम्ही तेच केलं. माझ्या दोन्ही मुलींच्या रुखवतात माझे भाग गेले. मग पेज आलं. पेजला जोडी लागते म्हणे. चार जोड्या गेल्या, बाई. चारही वेळा माझा भाग दिला नाही, वर मला सपाता शिवायला बसवलं."

"नक्षी कोणाची?"

झूराने भिंतीकडे पाहिलं.

"माझा नवरा मेंढरं घेऊन वर गेला, तो आला नाही. ठाऊक आहे तुम्हांला. आमच्या कुरणावरून खिंडीकडे तीन वाटा जातात. अकरा दिवस मी त्या तिन्ही वाटांनी चढले आणि उतरले. कुठं वळण, कुठं दगड, डोळे मिटून काढून दाखवेन. त्या मी खडूनं नमद्यावर काढल्या, आणि ती पोरगी पेजवर लिहिते, सादातला स्वप्नात दिसल्या!" आता मात्र तिचा आवाज फाटला. "स्वप्नात! माझ्या टाचा फुटल्या होत्या, बाई!"

बाईंनी चहाचा वाडगा खाली ठेवला.

"पेरिजातला फोटो तू दिलास?"

"बहिणीची मुलगी माझ्या. मे महिन्यात आली, भिंतीवर बघितलं. मी सगळं सांगितलं. ‘मावशी, मी हे उजेडात आणते,’ म्हणाली. मी म्हटलं, आण, खरं लिही. तिनं काय लिहिलं? ‘माझं काम’."

"तिला विचारलंस?"

उत्तर म्हणून झूराने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मावशी, पुन्हा तेच?" पलीकडचा आवाज घाईत होता. "अगं, तुझ्या नावाला ओळखतं कोण? तुझं नाव टाकलं असतं तर दहा लोकांनी बघितलं असतं. माझ्या पेजवर आलं म्हणून देशभर गेलं. सादातची जिरली ना? मग! आणि घरातलंच आहे, तुझं काय नि माझं काय."

"माझं माझं," झूरा म्हणाली. "आणि तुझी जीभ तुझी. सांभाळ तिला."

तिने फोन बंद केला.

"एकीनं स्वप्न म्हणून चोरलं, दुसरीनं न्याय म्हणून," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा, तुम्ही काय म्हणून न्यायला आलात?"

५

शनिवारी दुपारी बाई सादातच्या घरी पोचल्या, तेव्हा टेबलावर कोरा कागद आणि पेन तयार होतं. सादातने नवा रुमाल बांधला होता. नुरझादा फोन हातात घेऊन दाराशी उभी होती.

"पेरिजात खोटी ठरली," बाई म्हणाल्या. "दात चौदा मार्चला पडला, साडेतीनशे लोकांच्या देखत. त्यामुळे तिची तारीख बनावट आहे."

"म्हटलं नव्हतं मी!" सादातने टेबलावर हात मारला. "लिहा. एवढंच लिहा."

"एवढंच लिहायचं तर व्हिडिओ जोडावा लागेल. आणि व्हिडिओ जोडला की हात दिसतो."

नुरझादाने सासूकडे पाहिलं.

"समोरच्या कॅमेऱ्यामुळे—" नुरझादाने सुरुवात केली.

"कॅलेंडर सरळ आहे, पोरी. ते कारण काल कुबातनेही दिलं, तुझ्याहून जास्त भाबडेपणाने."

"मग तेवढा कोपरा कापून टाकते. नुसता दात दिसेल असा."

"कापण्यात तुम्ही दोघी कच्च्या आहात, सगळा घोटाळा तिथेच झाला आहे."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. त्यांचा राग आवाजात उतरत नसे, शब्दांमधल्या अंतरात उतरे. वर्गाला ते ठाऊक होतं, आणि सादात वर्गातली होती.

"गुरुवारी हा व्हिडिओ पेजवरून नाहीसा झाला. नुरझादाने पुसला, कारण पेजची किल्ली तिच्याकडे. पण नुरझादाला पेज जिवापाड प्रिय आहे. पेज वाचवणारी एकमेव गोष्ट ती आपण होऊन पुसणार नाही. पुसायला सांगणाऱ्याला पेजपेक्षा आणखी काहीतरी वाचवायचं होतं."

"अपांनी सांगितलं!" नुरझादा एकदम म्हणाली. "मी गुरुवारी सकाळीच म्हटलं होतं, हा व्हिडिओ वर टाकू, एका तासात सगळे गप्प होतील. अपा म्हणाल्या, आधी पूस. मी दोन रात्री शिव्या खातेय, बाई, आणि ह्यांना—"

"गप्प बस!"

"का बसू? शिव्या तुम्ही वाचता की मी वाचते?"

"म्हणजे, सादात," बाई म्हणाल्या, "तू माझ्याकडे पुरावा शोधायला आली नाहीस. पुरावा तुझ्याकडे होता, तो पुसून मग आलीस. तुला त्याच्या जागी लावायला माझी सही हवी होती."

सादात उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"लोकर माझी. रंग माझा. चूल माझी, गिऱ्हाईक माझं. तीस वर्षं ती माझ्या ताटात जेवली. तिनं खडूनं चार रेघा मारल्या—"

"आणि कापल्या."

"आणि कापल्या! मला सुरी धरता येत नाही, हात थरथरतो, लहानपणापासून! हे अठ्ठेचाळीस हजार लोकांना सांगत फिरू? की ही कलाकार बाई नमदा कापू शकत नाही?"

ते वाक्य बोलून झाल्यावरच तिला ते ऐकू आलं असावं. ती पुन्हा खाली बसली.

बाईंनी पिशवीतून कागद काढला. तो रात्रीच लिहून झाला होता. त्यात तारीख, दात, कॅलेंडर, हात असं सगळं क्रमाने होतं. ‘तीन वाटा’ची नक्षी आणि काप झूराचे, नमदा, रंग आणि शिवणीतला वाटा सादातचा, असा शेवट होता.

"बाई, पहिला अर्धाच पाठवला तर?" नुरझादाने हळूच विचारलं. "खोटं नाही ना ते?"

"खोटं नाही, अपुरं आहे. अपुऱ्या उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत. मी सकाळी प्रदर्शनवाल्यांना फोन केला होता. नाव न घेता विचारलं. दोघींच्या सहीचा खुलासा आला तर शिर्दाक भिंतीवर राहील, दोन नावांनी." त्यांनी कागद सादातपुढे सरकवला. "उद्या संध्याकाळपर्यंत तू पाठव. नाहीतर मी पाठवेन. तू पाठवलास तर तो खुलासा असेल. मी पाठवला तर ती साक्ष असेल."

"तुम्ही माझ्या बाजूच्या आहात असं वाटलं होतं मला."

"मी कोणाच्या बाजूची असते तर तू माझी सही मागायला आली असतीस का?"

६

रविवारी सकाळी पुलावरून दोघी निघाल्या. सादात पुढे, बाई चार पावलं मागे. वाटेत सादात एकदाच बोलली: "पाठीमागून असं चालू नका, कैदी असल्यासारखं वाटतं." बाईंनी वेग वाढवला नाही.

झूरा उंबऱ्यावर आली आणि तिथेच उभी राहिली. तिने आत या म्हटलं नाही. सादातने स्वतःची सही केलेला कागद पुढे केला. झूराने तो पूर्ण वाचला, ओळीवर बोट ठेवून, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"आणि पेजवरचं?"

"नुरझादा संध्याकाळी बदलेल," सादात म्हणाली.

"नुरझादा नाही. तू. आत्ता."

"मला ते जमत नाही, झूरा, तुला माहीत आहे."

"जमेल. मलाही बरंच काही जमत नव्हतं."

उन्हात उभं राहून सादातने फोन काढला. बाईंनी तिला मजकूर कुठे उघडतो ते दाखवलं आणि हात मागे घेतला. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, सादातने स्वप्न पुसलं. तिथे काय लिहायचं ते झूराने सांगितलं आणि सादातने टाइप केलं. खिंड, कुरण, नवऱ्याचं नाव, अकरा दिवस. नवऱ्याच्या नावात चूक झाली, तेव्हा झूराने तिला ते पुन्हा लिहायला लावलं. पाऊण तास गेला. सादातच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिने तो पुसला नाही.

मजकूर पेजवर चढताच फोन थरथरू लागला. पहिलीच कमेंट आली: ‘म्हणजे चोर निघालीच.’ सादातने ती वाचली. तिने फोन झूरापुढे धरला आणि खाली केला नाही.

झूराने कमेंट पाहिली. मग पेन घेऊन कागदावर सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला, सादातच्या नाही.

"भिंतीवरचा भाग माझा आहे."

"तुझाच," सादात म्हणाली.

"पेरिजातकडे मी बघून घेईन. ती माझ्या घरची घाण आहे."

ती वळली. सादात मात्र जागची हलली नाही. तिच्या घरी रंगवून वाळवलेल्या, अजून न कापलेल्या नमद्यांच्या तीन जोड्या पडल्या होत्या, आणि हे उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

"झूरा, उद्या येशील? अर्धं तुझं. लिहून देते. बाईंसमोर लिहून देते."

"नाही."

"मग कापणार कोण?"

झूराने दाराला हात घातला.

"पेजवर विचार," ती म्हणाली. "एवढी माणसं आहेत तिथं."